लंडनहून येणारा आवाज

(नेदरलँड्समधल्या मराठी मंडळाच्या महाराष्ट्र दिन मेळाव्यात ४ मे रोजी संध्याकाळी केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

यंदा आपला महाराष्ट्र दिनाचा मेळावा नेमका ४ मेला आला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांच्या स्मरणदिनी, जेव्हा रात्री आठला हा सारा देश दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो. हॉल याच शनिवारी मिळाला, इलाज नव्हता. ढोल-ताशा पथकाच्या मुलांना मात्र सांगावं लागलं की आज वाजवायचं नाही, उद्या दुपारी मैदानात हवं तितकं वाजवा. मुलं हिरमुसली. त्यांतल्या एकाने मला विचारलं, "काकू, ८० वर्षं झाली ना त्या युद्धाला?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येईना, म्हणून कार्यकारिणीला म्हटलं, मला थोडा वेळ द्या, मी सगळ्यांसमोरच सांगते.

आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. युद्धाच्या वेळी त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. मला डच नीट येऊ लागल्यावर त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती रेडिओची. जर्मनांनी १९४३ च्या मे महिन्यात सगळ्यांना रेडिओ जमा करायला लावले. आजींच्या वडिलांनी घरातला जुना, बिघडलेला रेडिओ नेऊन दिला आणि चांगला जिन्याखालच्या कपाटात, कोळशाच्या पोत्यांमागे लपवला. संध्याकाळी वडील त्या कपाटात शिरायचे, आई स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी वाजवायची आणि आजींचं काम खिडकीत बसून रस्त्यावर नजर ठेवायचं. "आमचं सरकार त्या कपाटात होतं," असं त्या म्हणायच्या. आज मला सांगायचंय ते त्या कपाटातल्या सरकारबद्दल.

१० मे १९४० ला जर्मन सैन्य या देशात घुसलं. तीनच दिवसांत, १३ मेला सकाळी, राणी विल्हेल्मिना हुक फान हॉलंडच्या बंदरात 'हेरवर्ड' या ब्रिटिश विनाशिकेवर चढल्या. त्यांना जायचं होतं झेलंडला, म्हणजे आपल्याच देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, जिथे अजून लढाई चालू होती. पण किनाऱ्यावर उतरणं शक्य नव्हतं आणि बोट गेली थेट इंग्लंडला, हॅरिचला. त्याच दिवशी मंत्रिमंडळही निघालं. मागे राहिले सरसेनापती विंकेलमन. दुसऱ्या दिवशी रॉटरडॅमवर बॉम्ब पडले, शहराचा गाभा जळून गेला, आणि १५ तारखेला विंकेलमननी शरणागतीवर सही केली.

लोकांना काय वाटलं असेल? आजींचे वडील चिडले होते. "पळाले" हाच शब्द त्या दिवशी घरोघरी होता.

आपल्याला हा शब्द परका नाही. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज रायगडावरून निसटून जिंजीला गेले, आणि जवळजवळ आठ वर्षं मराठ्यांची गादी तिथून चालली. इथे मुलखात रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकुमतपन्हा' करून सगळे अधिकार दिले, संताजी-धनाजी लढत राहिले. राजा हाती लागला नाही म्हणून राज्य संपलं नाही, हे आपण शाळेत शिकलो. पण दोन्हींत एक मोठा फरक आहे. जिंजी हा आपला किल्ला होता, शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतलेला. लंडन हे दुसऱ्याचं घर होतं. डच राज्यघटनेच्या २१ व्या कलमात तर स्पष्ट लिहिलं होतं की सरकारचं ठाणं राज्याबाहेर हलवता येणार नाही. डचांची जिंजी व्हायची तर ती त्यांच्या ईस्ट इंडीज वसाहतीतल्या बटाव्हियात, आजच्या जकार्तात, झाली असती. तसा विचार झालाही. राणी गेल्या नाहीत. आणि मार्च १९४२ मध्ये जपानने जावा घेतल्यावर तो मार्ग बंदच झाला.

तर पिकाडिलीजवळच्या स्ट्रॅटन हाउसमध्ये कचेऱ्या थाटून हे परागंदा सरकार सुरू झालं. संसद नाही, निवडणूक नाही, कर भरणारी प्रजा शत्रूच्या ताब्यात. पण हे सरकार कंगाल नव्हतं, हे लक्षात ठेवा. डच व्यापारी जहाजांचा प्रचंड ताफा जर्मनांच्या हाती लागला नव्हता, तो सरकारने ताब्यात घेतला. २४ मे १९४० च्या पहिल्याच फर्मानाने परदेशातली डच मालमत्ता राज्याच्या नावावर करून टाकली, म्हणजे हेगमधल्या मालकाच्या कानशिलाला पिस्तूल लावून सही घेतली तरी न्यूयॉर्कमधला पैसा हलायचा नाही. मला हे फर्मान फार शहाणपणाचं वाटतं. देश गेल्यावर दहाव्या दिवशी कुणाला तरी हे सुचलं.

सुरुवातीला मात्र या सरकारच्या प्रमुखाचाच धीर सुटला होता. पंतप्रधान डे खेर यांना वाटत होतं की इंग्लंडही हरणार, जर्मनांशी बोलणी करून टाकावीत. राणींनी त्यांना घालवलं आणि ३ सप्टेंबर १९४० ला न्यायमंत्री खेरब्रांडी यांना नेमलं. डे खेर यांना ईस्ट इंडीजच्या कामगिरीवर पाठवलं तर ते वाटेत लिस्बनहून जर्मनांच्या संमतीने मायदेशी परतले. खेरब्रांडी म्हणजे फ्रिसलंडचा माणूस, कायद्याचा प्राध्यापक, बुटका, ओठ झाकणाऱ्या झुपकेदार मिशा. चर्चिल त्यांना 'चेरी ब्रँडी' म्हणायचे. इंग्रजी बेताचं, पण कणा ताठ.

आणि राणी. तोवर चाळीसेक वर्षं राज्य केलेल्या, साठीला टेकलेल्या, कडक स्वभावाच्या. मुलगी युलियाना नातींना घेऊन कॅनडात, स्वतः परक्या शहरात. २८ जुलै १९४० ला रात्री ९ वाजता बीबीसीवरून 'रेडिओ ओरान्ये', म्हणजे या सरकारचा डच भाषेतला कार्यक्रम, पहिल्यांदा बोलला आणि पहिल्या कार्यक्रमात त्याच बोलल्या. रोजची फक्त १५ मिनिटं. जर्मन त्यावर खरखर सोडायचे, ऐकणाऱ्याला तुरुंग ठरलेला. तरी लोक ऐकायचे. आजींचे वडील, तेच चिडलेले वडील, पहिल्या भाषणानंतर गप्प बसून राहिले आणि मग म्हणाले, "ती तिथून निदान शिव्या तरी देऊ शकते. इथे असती तर गप्प असती."

त्या १५ मिनिटांपलीकडे या सरकारच्या हातात आपल्या माणसांसाठी जवळजवळ काही नव्हतं. पोलीस नव्हते, रेशनकार्ड नव्हतं, शाळा नव्हत्या. शब्द होता. त्या शब्दाला किती वजन होतं, हे सांगायला मी उभी आहे.

२८ मार्च १९४४ ला शिक्षणमंत्री बोल्केस्टाइन रेडिओ ओरान्येवरून बोलले. म्हणाले, युद्धाचा इतिहास नुसत्या सरकारी कागदांवरून लिहिता येणार नाही; साध्या माणसांच्या रोजनिशा, पत्रं जपून ठेवा, युद्धानंतर आम्ही ती गोळा करू. आम्स्टरडॅममध्ये प्रिन्सेनग्राख्तवरच्या एका घराच्या मागच्या भागात लपलेली आठ माणसं तो कार्यक्रम ऐकत होती. त्यांतली १४ वर्षांची मुलगी दुसऱ्या दिवशी रोजनिशीत लिहिते की हे ऐकताच सगळे माझ्या वहीवर तुटून पडले. मे महिन्यात तिने आपली रोजनिशी पुस्तकासाठी पुन्हा लिहायला घेतली. अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी जगाने वाचली, तिच्यामागे लंडनच्या एका मंत्र्याचं हे आवाहनही आहे. त्याच कल्पनेतून मुक्तीनंतर लगेच, मे १९४५ मध्ये, युद्धकाळाची कागदपत्रं जपणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. ती आम्स्टरडॅममध्ये आजही आहे.

दुसरा शब्द १७ सप्टेंबर १९४४ चा. आर्नहेम शहराजवळ दोस्तांचे छत्रीधारी सैनिक उतरले त्या दिवशी लंडनहून सांकेतिक वाक्य आलं: "व्हर्स्टेखची मुलं पांघरुणात जाऊ देत." अर्थ एकच, रेल्वे बंद करा. आणि सुमारे ३०,००० रेल्वे कामगार घरी गेले, कित्येक भूमिगत झाले. संप मुक्तीपर्यंत टिकला. त्यांच्या बायकामुलांना पगार कोण देणार? वालराफेन फान हाल नावाच्या एका बँकरने लंडनच्या हमीवर गुप्त पेढीच चालवली, बनावट सरकारी रोखे खऱ्यांच्या जागी ठेवून राष्ट्रीय बँकेतून पैसा काढला, एकूण ८ कोटी गिल्डरांहून जास्त वाटले. फेब्रुवारी १९४५ मध्ये जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. संपाचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडे येणारं धान्य अडवलं, मग कालवे गोठले. त्या हिवाळ्यात आजींनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. चव विचारली की त्या तोंड फिरवायच्या. सुमारे २०,००० माणसं त्या भुकेत गेली. खेरब्रांडी चर्चिलकडे अन्नासाठी विनवण्या करत राहिले. शब्द त्यांनीच दिला होता, त्याचं ओझं त्यांना कळत होतं.

आता जे सांगणार आहे ते मला सगळ्यांत जड जातं.

याच रुळांवरून, याच रेल्वे कंपनीच्या गाड्यांमधून, जुलै १९४२ पासून या देशातले ज्यू वेस्टरबोर्कच्या छावणीतून पूर्वेकडे नेले जात होते. नव्वदहून जास्त गाड्या. युद्धाआधी इथे सुमारे १,४०,००० ज्यू होते, त्यांतले १,०२,००० मारले गेले. पश्चिम युरोपात इतकं मोठं प्रमाण कुठेच नाही. लंडनला बातम्या पोहोचत होत्या. राणींनी ऑक्टोबर १९४२ च्या भाषणात त्याचा उच्चार केला, निषेध केला. पण त्या एकूण ३४ वेळा रेडिओवर बोलल्या, त्यात ज्यूंचा उल्लेख हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. आणि "गाड्या थांबवा" हा शब्द त्या दोन वर्षांत एकदाही आला नाही. "नोंदवहीत नावं देऊ नका", "शेजाऱ्याला लपवा" हे रोज रात्री ओरडून सांगायला हवं होतं, ते सांगितलं गेलं नाही.

तारखा बघा. अ‍ॅन फ्रँक ज्या गाडीत होती ती वेस्टरबोर्कहून ३ सप्टेंबर १९४४ ला सुटली. वेस्टरबोर्कची शेवटची मोठी गाडी १३ सप्टेंबरला गेली. संपाचा हुकूम १७ ला आला.

मी इतिहासकार नाही. १९४२ मध्ये संप पुकारला असता तर तो टिकला असता का, जर्मनांनी किती माणसं मारली असती, यावर इथले अभ्यासक वाद घालतात, घालू देत. पण मला वाटतं, ज्या सरकारकडे फक्त आवाज होता, त्याने तो आवाज कुणासाठी लावला आणि कुणासाठी लावला नाही, याचा हिशेब मागायचा हक्क मेलेल्यांना आहे. हा देश तो हिशेब देतोय, उशिरा का होईना. जानेवारी २०२० मध्ये पंतप्रधान रुटे यांनी त्या वेळच्या सरकारच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी ४ मेला, कोरोनामुळे रिकाम्या असलेल्या डाम चौकात, राजे विलेम-अलेक्झांडर यांनी सांगितलं की छळल्या जाणाऱ्या माणसांना एकटं पडल्यासारखं वाटलं, लंडनमधल्या माझ्या पणजीकडूनही पुरेसे शब्द आले नाहीत, आणि ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मी घरात टीव्हीसमोर उभी होते. स्वतःच्या पणजीबद्दल, जिचा पुतळा गावोगावी आहे तिच्याबद्दल, एक राजा हे बोलतो! मला भरून आलं होतं.

इंडोनेशियाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण आपण वसाहतीतून आलेली माणसं आहोत. डिसेंबर १९४२ मध्ये राणींनी लंडनहून सांगितलं की युद्धानंतर इंडोनेशिया, सुरिनाम आणि कुरासाव यांना बरोबरीचं स्थान मिळेल. पण १७ ऑगस्ट १९४५ ला इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं तेव्हा याच देशाने तिथे सैन्य पाठवलं. १९४९ च्या डिसेंबरपर्यंत ते रक्त सांडत राहिलं. आणि त्या स्वातंत्र्याच्या विरोधात सर्वांत हट्टाने उभे राहिलेल्यांत कोण, तर आपले खेरब्रांडी! नाझींसमोर न वाकलेला तोच ताठ कणा. आपल्या इथल्या सुरिनामी मित्रांना हे सांगावं लागत नाही, त्यांच्या घरात ते माहीत असतं.

राणी परत आल्या तो दिवस आजींना आठवत नव्हता, कारण त्यांचं गाव तेव्हा उत्तरेत जर्मनांच्याच ताब्यात होतं. १३ मार्च १९४५ ला, बेल्जियमच्या हद्दीवर एडे या गावी, रस्त्यावर सीमा कुठे आहे ते कळावं म्हणून लोकांनी पिठाची पांढरी रेघ ओढली होती. राणी मोटारीतून उतरल्या आणि ती रेघ पायी चालत ओलांडून आत आल्या. त्याच दिवशी पश्चिमेकडच्या शहरांत लोक उपाशी मरत होते, आणि इथे कुणीतरी मूठभर पीठ रस्त्यावर टाकलं.

आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या मुलीने घर आवरताना तो कपाटातला रेडिओ मला दाखवला. मागचं झाकण तुटलंय, आत कोळशाची काळी धूळ अजून आहे.

मंडळी, आठला आठ मिनिटं आहेत. वंदनाताई, तो माइक बंद करा. मुलांनो, मोबाइल खिशात. बाहेर ट्राम थांबेल, गाड्या थांबतील, आपण इथे उभे राहू. दारं उघडी ठेवा, म्हणजे चर्चची घंटा थांबलेली आपल्याला कळेल.