पुलापलीकडचा पत्ता

[पहाट. दुवामिश नदी. पूल मधोमध उघडतोय.]

हा साउथ पार्क या वस्तीचा पूल. सिएटलच्या दक्षिण अंगाला, दुवामिश नदीवर. खालून जहाज जायचं असलं की गाड्या थांबतात आणि पूल असा उघडतो. इथला जुना पूल १९३१ सालचा. तो इतका खिळखिळा झाला होता, की ३० जून २०१० रोजी तो वाहतुकीला बंद करावा लागला. नवा पूल खुला झाला ३० जून २०१४ रोजी. मधली चार वर्षं साउथ पार्कला वळसा घालून यावं लागायचं. वळसा घालून दुकानात कोण येतं?

हा पूल किंग काउंटीच्या मालकीचा. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी. सिएटल धरून ३९ शहरं, २०२०च्या जनगणनेत साडेबावीस लाखांवर माणसं. बस, सार्वजनिक आरोग्य, न्यायालयं ही कामं काउंटीची. आणि जिथे नगरपालिकाच नाही, तिथे जे काही सरकार ते हेच.

[बस थांब्यावर येते. तिच्या अंगावरचं बोधचिन्ह, जवळून.]

हा चेहरा ओळखलात ना?

१८५२ साली या काउंटीला नाव मिळालं ते विल्यम रूफस किंग यांचं. अलाबामाचा जमीनदार, गुलामांचा मालक, त्याच वर्षी अमेरिकेचा उपाध्यक्ष म्हणून निवडून आलेला. सव्वाशेहून अधिक वर्षं हे नाव कुणाला खुपलं नाही. २४ फेब्रुवारी १९८६ रोजी काउंटी कौन्सिलपुढे एक ठराव आला. नाव किंगच राहील, पण ते यापुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचं असेल. ठरावाच्या बाजूने पाच मतं, विरोधात चार. एका मताने नाव बदललं. राज्याच्या कायद्यात ते उतरायला २००५ साल उजाडलं. चिन्हावर तोवर सोनेरी राजमुकुट होता. २००७ साली तो उतरला आणि हा चेहरा आला. नामांतराच्या ठरावापासून नामविस्तारापर्यंत सोळा वर्षं वाट पाहिलेल्या आपल्या लोकांना या एकवीस वर्षांचा अर्थ समजावून सांगायला नको.

ठराव मांडणाऱ्यांत रॉन सिम्स होते. तेच पुढे काउंटीचे प्रमुख झाले. समता आणि सामाजिक न्याय हा काउंटीच्या कारभाराचा भाग असावा, हा उपक्रम त्यांनी २००८ साली सुरू केला. २०१० साली कौन्सिलने त्याला कायद्याचं रूप दिलं. आता कुठलाही मोठा खर्च ठरवण्याआधी खात्याने स्वतःला विचारायचं: याचा लाभ कोणाला, भार कोणावर, आणि ठरवताना खोलीत कोण होतं? मला यातला तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटतो. तो विचारला की पहिल्या दोघांची उत्तरं बदलतात.

[नदीकाठ. कारखान्यांची धुराडी, मग मुलांचं मैदान.]

२०१३ साली एक अभ्यास झाला. साउथ पार्क आणि शेजारच्या जॉर्जटाऊनमधलं सरासरी आयुर्मान लॉरेलहर्स्ट या सधन वस्तीपेक्षा १३ वर्षांनी कमी निघालं. शहर तेच. पत्ता वेगळा.

काउंटीच्या २०१६ ते २०२२च्या समता आराखड्यात म्हणूनच नदीची भाषा आहे. माणूस वाहून आल्यावर त्याला खाली बाहेर काढण्यापेक्षा, तो पाण्यात पडतो कुठे ते वरच्या अंगाला जाऊन पाहायचं आणि पैसा तिथे लावायचा. तो आणायचा कुठून? नोव्हेंबर २०१५ मध्ये मतदारांनी स्वतःवर मालमत्ता कर लावून घेतला. घराच्या किमतीच्या दर हजार डॉलरमागे १४ सेंट, सहा वर्षांसाठी. निम्मा वाटा जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना, ३५ टक्के त्यापुढच्या मुलांना आणि चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना, १० टक्के व्हाइट सेंटर, रेनियर व्हॅलीसारख्या वस्त्यांना. लेक वॉशिंग्टन सरोवराच्या पूर्वेला, रेडमंड-बेलव्ह्यूकडे, आपली मराठी घरं पुष्कळ आहेत. हा कर आम्हीही भरतो. २०२१ साली तो १९ सेंटचा झाला, तेव्हाही मतदारांनी होच म्हटलं.

या पैशातून बाळंतिणींच्या घरी भेटी सुरू झाल्या, मुलाबाळांची कुटुंबं बेघर होण्यापासून वाचली, छोट्या संस्थांना अर्ज लिहायला मदत मिळाली.

[व्हाइट सेंटर. मुख्य रस्ता. दुकानांच्या पाट्या: व्हिएतनामी, स्पॅनिश, ख्मेर.]

व्हाइट सेंटर कुठल्याच शहरात मोडत नाही. इथे महापौर नाही, नगरसेवक नाही. रस्ता खचला तर काउंटी. अशा भागांसाठी काउंटीने एक कोटी दहा लाख डॉलरच्या आसपास रक्कम बाजूला काढली आणि ती कशावर खर्चायची हे रहिवाशांवर सोडलं. नियम रहिवाशांच्या समितीने ठरवले. सूचना लोकांच्या, छाननी लोकांची. २०२२ साली मतदान झालं. मत द्यायला नागरिकत्व लागत नव्हतं. वय हवं होतं फक्त बारा.

[मतदानाची छायाचित्रं. निवेदन नाही.]

[पुन्हा नदी. तराफ्यावरची क्रेन.]

दुवामिशचा हा खालचा पट्टा २००१ साली देशातल्या अतिप्रदूषित ठिकाणांच्या यादीत गेला. सफाईचा भार उचलणाऱ्यांत विमानं बनवणारी बोइंग कंपनी आहे, बंदर आहे, सिएटल शहर आहे आणि काउंटी स्वतःही आहे. आयुर्मानातली दरी अजून बुजलेली नाही. गाळ उपसायला सुरुवात झाली ती २०२४च्या अखेरीस. खालून सुरुवात केली तर वरचा गाळ वाहत येऊन साफ केलेला तळ पुन्हा घाण करतो. म्हणून क्रेन आधी नदीच्या वरच्या टप्प्यात लागली. ती हळूहळू खाली, या पुलाकडे यायची आहे.