मांडीवरचा नकाशा

(दृश्य: होटगी रोडचा विमानतळ. धावपट्टीवर थरथरणारी हवा.)

सोलापूरची एप्रिलमधली दुपार. पारा ४२ च्या पुढे. चार आसनांचं छोटं विमान उन्हात उभं आहे. दार उघडलं की भट्टीसारखी झळ तोंडावर येते. पायलट आत बसतो, टॅबलेट पट्ट्यानं मांडीला बांधतो. जायचंय बारामतीला. साधारण दीडशे किलोमीटर, पाऊण तासाची वाट.

आधी फोन एअरप्लेन मोडवर. हे नुसतं नियमासाठी नाही. मोबाइलचे टॉवर जमिनीवरच्या माणसांसाठी असतात. हजारभर मीटर वर गेलेल्या फोनला एकदम कितीतरी टॉवर दिसतात आणि एकही नीट धरता येत नाही. तो धडपडतो, तापतो, बॅटरी खातो. टू-जी फोन असेल तर हेडसेटमध्ये घरघर ऐकू येते, आणि नेमका त्याच वेळी कंट्रोल टॉवर काही सांगत असला तर?

जीपीएसला मात्र यातलं काही लागत नाही. त्याचे संकेत थेट उपग्रहांकडून येतात. नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल, तर नेटवर्क नसतानाही विमानाचं चिन्ह पडद्यावर सरकत राहतं.

(दृश्य: सिद्धेश्वर साखर कारखाना.)

पण हा नकाशा कधीचा आहे? विमानतळाजवळची या कारखान्याची सुमारे ९० मीटर उंच चिमणी १५ जून २०२३ ला पाडली. ते दृश्य सोलापूरकर विसरलेले नाहीत. जुन्या नकाशात ती दाखवलेली असेल, तर तिथे ती अजून उभीच आहे. एवढ्यानं काही बिघडत नाही. भीती वाटते ती उलट प्रसंगाची: बाहेर नवा मनोरा, आणि पडद्यावर मोकळं आकाश. म्हणूनच हवाई नकाशांची माहिती जगभर दर २८ दिवसांच्या चक्रानं नवी होते. ती उतरवून घेण्याचा कंटाळा करू नका, ही कळकळीची विनंती.

आणि फोन हातात घेऊ नका. ३१ मे २०१४, अमेरिकेतलं कोलोरॅडो. रात्र होती, ढग खाली उतरलेले. सेसना १५० हे छोटं विमान कोसळलं, आतले दोघेही गेले. पायलटचं लक्ष बहुधा सेल्फीमुळे विचलित झालं, असं तपासात निघालं. ताशी २०० किलोमीटरच्या वेगात दहा सेकंद खाली पाहिलं, तरी विमान अर्धा किलोमीटर पुढे गेलेलं असतं.

(दृश्य: उड्डाण. खाली सिद्धेश्वर तलाव, मधोमध मंदिर.)

पश्चिमेचं ऊन समोरून काचेवर येतंय. आयपॅड ३५ अंशांपर्यंतच्या हवेतच वापरावा, असं बनवणारी कंपनीच सांगते. इथे तर तो जमिनीवरच तापलेला. मोहोळ येण्याआधी पडदा काळा होतो.

पायलट टॅबलेट सावलीत सरकवतो, पण होकायंत्रापासून लांब, कारण कव्हरमधल्या चुंबकानं सुई भरकटते. मग कागदी नकाशा उलगडतो. उजवीकडे कुर्डुवाडीकडे जाणारी रेल्वे. डावीकडे, दूर, पंढरपूरजवळ वळलेली चंद्रभागा. पेन्सिलनं तो मोहोळची वेळ लिहितो आणि उजनीचं पाणी शोधू लागतो.