लॉर्ड शाफ्ट्सबरी : गिरणीतल्या पोरांसाठी झगडलेला उमराव

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या कापडगिरण्यांत सात वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आली ती १८८१च्या कायद्याने. त्यासाठी लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये आवाज उठवला होता एका वृद्ध उमरावाने. ते म्हणजे ॲन्थनी ॲश्ली-कूपर, सातवे अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी.

जन्म १८०१चा. घरात वैभव होतं, पण आईवडिलांची माया नव्हती. ती लावली मारिया मिलिस या घरातल्या नोकराणीने. धर्मावरची श्रद्धाही तिच्याकडूनच आली आणि जन्मभर टिकली.

१८२६मध्ये ते खासदार झाले. १८३३पासून त्यांनी गिरणीकामगारांचं गाऱ्हाणं पार्लमेंटात मांडायला घेतलं. पुढे त्यांच्याच आग्रहाने नेमलेल्या आयोगाचा खाणींवरचा अहवाल १८४२मध्ये आला. त्यातली चित्रं पाहून आजही अंगावर काटा येतो. कमरेला पट्टा, दोन्ही पायांमधून साखळी आणि रांगत कोळशाची गाडी ओढणारं मूल! त्याहून लहान पोरं खाणीत हवा खेळती ठेवणारी दारं उघडायला तासन्‌तास अंधारात बसून असायची. त्याच वर्षी कायदा झाला. बायका, मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे यांना खाणीत उतरवणं बंद झालं.

मला ते सर्वांत मोठे वाटतात ते १८४६ साली. धान्यावरचा आयातकर राहावा, या भूमिकेवर डॉर्सेटच्या मतदारांनी त्यांना निवडून दिलं होतं. त्यांचं मत बदललं. मग या जागेवर बसायचा आपल्याला हक्क नाही, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. गिरणीतलं काम दिवसाला दहा तासांवर आणणारं विधेयक त्यांनी नुकतंच सभागृहात मांडलेलं असताना दिला! पुढच्या वर्षी खासदार जॉन फील्डन यांनी तो कायदा मंजूर करून घेतला, तेव्हा शाफ्ट्सबरी सभागृहाबाहेर होते.

कामगारांना मताचा हक्क द्यायला मात्र त्यांचा विरोध होता. हे मला खटकतं.

भारतातल्या कायद्यामागे मुंबईशी स्पर्धा असलेल्या मँचेस्टरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ आहे, असा मुंबईच्या मालकांचा आरोप होता, आणि तो निराधार नव्हता. पण शाफ्ट्सबरींना त्या पंगतीत बसवणं मला पटत नाही. त्याच इंग्रज मालकांशी त्यांनी अर्धं आयुष्य झुंज दिली होती.

१८८१च्या कायद्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचं काम नऊ तासांवर आणलं. बायकांच्या तासांना मर्यादा पडली ती थेट १८९१मध्ये. शाफ्ट्सबरी १८८५मध्येच वारले होते.