ब्लॉक एजंटने ठेवावा, जोडावा माणसाने

मंडळी, पडद्यावरचे सूचनांचे तुकडे, म्हणजे ब्लॉक, जोडून प्रोग्राम करण्याच्या वातावरणात एआय एजंटला, म्हणजे आपणहून कामं करणाऱ्या एआयला, हात घालू द्यावा का? माझं मत आधीच सांगते: जरूर द्यावा. त्याने पॅलेटमधून, म्हणजे तयार ब्लॉकांच्या यादीतून, ब्लॉक आणावेत, हवे तर ते एकमेकांत गुंफावेत, पण माणसाने रचलेल्या साखळीत ते बसवण्याचं काम माणसाकडेच ठेवावं.

मुलांना ब्लॉक जोडून प्रोग्रामिंग करू देणारं स्क्रॅच तुमच्या ओळखीचं असेल. एमआयटी मीडिया लॅबमध्ये मिचेल रेस्निक यांच्या गटाने ते २००७ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. त्यामागे लोगो या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेची १९६७ पासूनची परंपरा आहे आणि ती घडवणाऱ्यांपैकी एक, सीमोर पॅपर्ट, यांचा आग्रह आहे, की मुलाने संगणकाला शिकवावं, संगणकाने मुलाला चालवू नये. स्क्रॅचमध्ये व्याकरण ब्लॉकच्या आकारात भरलेलं असतं. खरं-खोटं सांगणारा ब्लॉक षटकोनी आणि किंमत देणारा गोलसर. ‘जर’च्या खाचेत षटकोनीच बसतो, दुसरा कितीही रेटला तरी बसत नाही.

एजंट मात्र माउसने ओढाओढ करत नाही, तो मजकूर लिहितो. स्क्रॅचचा प्रकल्प एसबी३ फाइलमध्ये साठतो. ही फाइल म्हणजे एक झिप. आत चित्रं, आवाज आणि सगळ्या ब्लॉकची नोंद असलेली जेसन, म्हणजे साध्या मजकुराची, फाइल. तिथे प्रत्येक ब्लॉकला स्वतःचा आयडी असतो, शिवाय त्याच्या वर कोण आणि खाली कोण हेही लिहिलेलं असतं. म्हणजे एकच जोडणी दोन ठिकाणी नोंदवलेली. एजंटला ही फाइल सरळ लिहायला दिली, तर छोट्या प्रकल्पात निभावून जातं. प्रकल्प वाढला की वरच्या ब्लॉकने खालच्याचं नाव घेतलेलं असतं आणि खालच्याच्या नोंदीत वर भलताच कोणी असतो. आकाराची राखण संपादकात आहे, फाइलमध्ये नाही. फाइलमधून आत शिरणारा एजंट ती राखण ओलांडूनच येतो.

म्हणून एजंटलाही माणसाच्याच दाराने आत घ्यावं. त्याच्या हाती मोजकी अवजारं द्यावीत: समोर काय मांडलंय ते वाच, पॅलेटमधला ब्लॉक आण, जोडून पाहा, काढून टाक. ब्लॉकली या, ब्लॉकचे संपादक बनवण्यासाठी गूगलने सुरू केलेल्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) दोन ब्लॉक जुळतात की नाही हे जोडण्याआधी तपासलं जातं. तो नकार एजंटपर्यंत साध्या शब्दांत पोचवावा: ‘इथे खरं-खोटं हवं, तू आकडा दिलास.’ तेवढ्यावर त्याला आपली चूक सुधारता येते.

आता जोडायचं माणसाने, असा हट्ट का? कारण स्क्रॅचमध्ये सुटा ब्लॉक आपणहून चालत नाही. हिरवा झेंडा दाबला की झेंड्याच्या ब्लॉकखाली जोडलेल्या साखळ्या चालतात; बाजूला पडलेली साखळी जागची हलत नाही. पण तिच्यावर क्लिक केलं, तर ती एकटीच चालून दाखवते! हा गुण मला फार मोलाचा वाटतो. समजा, स्क्रॅच वापरणाऱ्या एका मुलीसमोर एजंटची सूचना पडली आहे, ती तिने चालवून पाहिली, पडद्यावरचं मांजर कुठे सरकलं ते पाहिलं, आणि मग ठरवलं की ही आपल्या साखळीत घ्यायची की नाही, घ्यायची तर कुठे. ते ठरवताना तिला दोन्ही साखळ्या वाचाव्याच लागतात. एजंटने परस्पर जोडून टाकलं असतं, तर हे वाचन झालंच नसतं.

सगळीकडे हे असंच चालत नाही. नोड-रेड या, उपकरणं आणि सेवा चौकटी जोडून चालवण्याच्या साधनात बदल लागू होतात ते ‘डिप्लॉय’ दाबल्यावर. तिथे पलीकडे खरे पंप आणि दिवे जोडलेले असू शकतात. ते बटण एजंटकडे देऊ नये.

जागेबद्दल फारसं बोललं जात नाही, म्हणून थोडं बोलते. ब्लॉक पडद्यावर कुठे ठेवलाय हीसुद्धा रचणाऱ्याची आठवण असते: हालचाल वर डावीकडे, गुण मोजणं खाली. एजंटने ही मांडणी ‘नीटनेटकी’ करायला जाऊ नये. आपले ब्लॉक मोकळ्या जागेत ठेवावेत, आणि त्याने एका वेळी केलेलं सगळं एकाच ‘अनडू’त मागे जावं. ब्लॉकलीत बदलांचे असे गट करण्याची सोय आहे.

सर्वात कडक मी नव्या ब्लॉकच्या बाबतीत आहे. स्क्रॅचमध्ये ‘माझे ब्लॉक’ बनवले की त्यांची व्याख्या तिथेच, ब्लॉकांतच, उघडी दिसते. एजंटने असा ब्लॉक सुचवला तर माझी हरकत नाही. मुलगी तो उलगडून पाहू शकते, मोडू शकते. ब्लॉकलीवर उभ्या असलेल्या इतर वातावरणांत मात्र ब्लॉक मुळात मागच्या जावास्क्रिप्ट कोडने घडवलेला असू शकतो, आणि वापरणाऱ्याला ते दिसत नाही. तिथे एजंटने पॅलेटमध्ये नवा ब्लॉक घातला, तर मुलीच्या हाती येतो तो बंद डबा. त्याचं पोट तिला कधीच उघडता येणार नाही. ही परवानगी मी एजंटला देणार नाही. त्याला नवीन काही बनवायचं असेल, तर पॅलेटमध्ये आधीच असलेल्या ब्लॉकांतूनच बनवावं.