हिरोला लागतं कुठे?

(पडद्यावर: लालबागमधली एक खोली. जमिनीवर स्टीलचं ताट, त्यात नॅपकिन पसरलेला, नॅपकिनवर दोन फासे.)

हे ताट आईचं आहे, रोजच्या जेवणातलं. त्यात नॅपकिन का, तर फासे नुसत्या स्टीलवर पडले की खणखणाट खालच्या मजल्यापर्यंत जातो आणि रविवारी दुपारी खालचे आजोबा झोपलेले असतात. आम्ही पाच जण दर रविवारी इथे बसतो आणि रोलप्लेइंग गेम खेळतो. म्हणजे एक जण गोष्ट चालवतो, त्याला गेम मास्टर म्हणायचं, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, आणि जिथे पुढे काय होईल ते कुणालाच माहीत नसतं तिथे फासे टाकायचे. गेम मास्टर मी आहे. किल्ले, ड्रॅगन, जादूगार सगळं खेळून झालं होतं आणि पावसाळ्याच्या तोंडावर सगळे म्हणाले की आता सुपरहिरो करूया, आणि आपल्या मुंबईतले करूया.

मग अडकलो ते सिस्टमवर, म्हणजे कुठल्या गेमच्या नियमांनी खेळायचं त्यावर.

माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेक लोक सिस्टम निवडताना पॉवरची यादी बघतात, उडता येतं का, अदृश्य होता येतं का, पण ते सगळीकडेच येतं हो. मी बघते की हिरो हरला तर त्याच्या शीटवर, म्हणजे त्याची सगळी माहिती लिहिलेल्या कागदावर, काय खोडावं लागतं. त्याचं रक्त? त्याचं नाव? की त्याचं स्वतःबद्दलचं मत? कारण टेबलावर बसलेली माणसं जे खोडायला घाबरतात ना, गोष्ट त्याचीच होते.

(पडद्यावर: हिंदमाता, रात्र, गुडघाभर पाणी, बंद पडलेली बेस्टची बस.)

म्हणून मी एकच सीन घेतला आणि चार रविवार चार सिस्टमवर चालवला. जुलैची रात्र, हिंदमाताला पाणी भरलंय, बसमध्ये चाळीस माणसं अडकलीत, पाणी चढतंय आणि वर फ्लायओव्हरच्या कठड्यावर व्हिलन उभा आहे.

पहिला रविवार चॅम्पियन्सचा. हा गेम १९८१ सालचा. त्याच्याआधीही सुपरहिरोंचे गेम होते, १९७९ च्या व्हिलन्स अँड व्हिजिलांटीजमध्ये तर तुम्ही स्वतःलाच पॉवर देऊन खेळता, पण पॉइंट मोजून आपल्याला हवा तसा हिरो घडवायचा ही गोष्ट चॅम्पियन्सने पक्की केली. आमच्यातला एक अकाउंट्समध्ये आहे, डोंबिवलीहून येतो, त्याने एक्सेल शीट बनवून आणली आणि तो इतका खुश होता की मला त्याच्याकडे बघूनच बरं वाटलं. बस उचलायची? मग ताकद बघा. दहा ताकद म्हणजे शंभर किलो, पुढे दर पाच पॉइंटला वजन दुप्पट, म्हणजे पंचेचाळीसला साडेबारा टनांच्या आसपास. बस उचलली गेली आणि सगळ्यांना पटलं की हो, का उचलली गेली ते कळलं.

आणि स्पीडचा तक्ता तर मला मनापासून आवडतो. बारा सेकंदांची एक फेरी, तुमचा स्पीड तीन असेल तर चौथ्या, आठव्या आणि बाराव्या सेकंदाला तुमचा नंबर, पाच असेल तर तिसऱ्या, पाचव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या. म्हणजे अगदी लोकलचं टाइमटेबल, आणि बाराव्याला जवळजवळ सगळ्यांचाच नंबर लागतो, गाडी स्लो असो की फास्ट, दादरला जशी थांबतेच तसं. मार बसला की दोन ठिकाणी लिहायचा, स्टन आणि बॉडी, म्हणजे शुद्ध आणि जीव. फाशांची बेरीज स्टनमधून जाते, आणि बॉडीसाठी प्रत्येक फासा वेगळा बघायचा, एक आला तर शून्य, दोन ते पाचला एक, सहाला दोन. म्हणून हिरो बेशुद्ध पडतो पण सहसा मरत नाही, कॉमिक्समध्ये होतं तसंच. हे डोकं ज्यांनी लावलं त्यांना सलाम.

पण आमच्याकडे दोन फेऱ्या, म्हणजे गोष्टीतले चोवीस सेकंद, चालले पावणेतीन तास. कॉलेजमधली जी मुलगी आमच्यात सगळ्यात लहान आहे ती खाली चहा सांगायला गेली, चहा आला, पिऊन झाला, कप परत गेले, तरी तिचा नंबर आला नव्हता. त्या दिवशी ती जाताना काही बोलली नाही आणि ते मला लागलं, कारण चूक गेमची नव्हती, या पाच जणांसाठी तो गेम निवडणं ही माझी चूक होती.

दुसऱ्या रविवारी टीएसआर या कंपनीचा मार्व्हल सुपर हिरोज, १९८४ चा. एक ते शंभर आकडा देणारे फासे, एक मोठा रंगीत तक्ता, पांढरा आला तर फसलं, हिरवा, पिवळा, लाल म्हणजे चढत्या क्रमाने जमलं. पाच मिनिटांत सगळ्यांना आला. पण त्यातली खरी चीज म्हणजे कर्मा. चांगलं काम केलं की कर्मा मिळतो, अडचणीत तोच खर्च करून फासा वर ढकलता येतो, पॉवर वाढवायची तरी तोच लागतो. आणि हिरोने कुणाला जिवे मारलं तर? सगळा कर्मा शून्य. सगळा! आमच्या एका भिडूने रागात व्हिलनला फ्लायओव्हरवरून खाली फेकलं, मी फक्त विचारलं "नक्की?" आणि त्याने शीटकडे बघून हात मागे घेतला. चाळीस वर्षं जुना नियम आहे आणि अजून काम करतो. नवीन छापील प्रत मिळत नाही ही एक अडचण, आणि मार्व्हलचा २०२३ चा नवा गेम आहे तो मी घेतला नाही कारण आम्हाला त्यांचे हिरो नकोच होते.

तिसरा रविवार, म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स. पहिली आवृत्ती २००२ ची, आम्ही तिसरी खेळलो. कुणी मला विचारलं की आमचा ग्रुप नेहमी डी-ट्वेंटीवर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, खेळतो, आता सुपरहिरो करायचंय, काय घेऊ, तर मी डोळे मिटून हेच सांगेन. पॉवर लेव्हल म्हणजे हिरो किती दमदार त्याची पातळी, ती दहा असेल तर दीडशे पॉइंट मिळतात, पण नेम आणि माऱ्याची बेरीज विसाच्या वर जाऊ शकत नाही, चपळाई आणि कणखरपणाची पण नाही. त्यामुळे एक्सेलवाला आणि बाकीचे एकाच मैदानात राहतात. हिट पॉइंट नाहीतच. मार बसला की टफनेसचा, म्हणजे कणखरपणाचा, फासा टाका, थोडक्यात चुकला तर पुढच्या वेळी एक कमी, जास्त चुकला तर गरगरलात, फारच चुकला तर आडवे. आणि तुमच्या आयुष्यातलं झेंगट मध्ये आलं, घरच्यांचा फोन, उघडं पडायला आलेलं गुपित, की हिरो पॉइंट मिळतो, तो पुढे वाईट फासा परत टाकायला वापरायचा. डोंबिवलीवाल्याला हाच हवा होता आणि त्याचं कारण बरोबर होतं.

चौथ्या रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक होता, डोंबिवलीवाला दीड तास उशिरा आला, आणि तोपर्यंत बाकी तिघांचं मास्क्समध्ये मन बसलं होतं.

(पडद्यावर: कॅरेक्टर शीटचा क्लोजअप. पेन्सिल, खोडरबर.)

मास्क्स २०१६ चा आहे, हिरो सगळे टीनएजर. दोन साधे फासे, दहा किंवा वर आलं तर जमलं, सात ते नऊ म्हणजे जमलं पण काहीतरी किंमत मोजून, सहा किंवा खाली म्हणजे संकट. ताकद किती किलो, हे शीटवर कुठेच नाही. बस उचलता येते का? तुमची पॉवर तशी असेल तर येते, विषय संपला. शीटवर पाच लेबलं आहेत, डेंजर म्हणजे धोका, फ्रीक म्हणजे विचित्र, सेव्हियर म्हणजे तारणहार, सुपीरियर म्हणजे वरचढ, मंडेन म्हणजे साधंसुधं, थोडक्यात तुम्ही स्वतःला काय समजता, प्रत्येकापुढे एक आकडा, आणि ते आकडे हलतात. ज्या माणसाचं तुम्ही मनावर घेता तो म्हणाला की तू अशी आहेस, तर एक लेबल वर आणि एक खाली. आणि मोठ्या माणसांचं सगळ्यांनाच मनावर घ्यावं लागतं, सुरुवातीला तरी. मार बसला की रक्त जात नाही, भीती, राग, अपराधीपणा, हताशा, असुरक्षितता, यातल्या एखाद्यावर खूण होऊ शकते. पाचही भरल्या आणि अजून एक आली तर तुम्ही सीनच्या बाहेर.

तर त्या चहावाल्या मुलीची हिरो परळची, पाणी हलवू शकते. तिने बस वाचवली, चाळीसच्या चाळीस माणसं. भिजलेली घरी आली. मी तिची आई झाले आणि एवढंच म्हटलं, "चाळीस लोकांसाठी धावलीस, आणि आजी इथे अंधारात एकटी बसून होती. तू असलीस की घराला घोरच."

सेव्हियर एक खाली, डेंजर एक वर. ती म्हणाली, नाही, मी हे मान्य करत नाही. नियमात तशी सोय आहे, दुसऱ्याचं मत नाकारायचं तर फासे टाकायचे. ताटात दोन आणि तीन पडले. पाच. खोलीत कुणी बोललं नाही, पंख्याचा आवाज तेवढा. तिने खोडरबर घेतलं, दोन्ही आकडे स्वतःच्या हाताने बदलले आणि अपराधीपणावर खूण केली.

डोंबिवलीवाला म्हणाला, हेच खेळूया. म्युटंट्सचा कॅम्पेन, म्हणजे सलग चालणारी गोष्ट, दिवाळीनंतर तो स्वतः चालवणार आहे, त्याचं एक्सेल तयार आहे.

अपराधीपणाची खूण अशीतशी जात नाही, त्यासाठी कशावर तरी पाणी सोडावं लागतं. पुढच्या रविवारी ती आली, चप्पल काढतानाच म्हणाली, "आज टीमबरोबर मी नाही. मी आजीजवळ बसणार." मी हो म्हटलं, ताट पुढे सरकवलं, आणि बाकी तिघांना सांगितलं की संध्याकाळचे सात वाजलेत, भरतीची वेळ आहे, आणि हिंदमाताला पाणी चढायला लागलंय.