सगळ्यांची बाग, पण भाजी तोडायची कुणी?

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये गेले कित्येक दिवस एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "आम्ही शेजारीपाजारी मिळून भाजीपाल्याची बाग करतोय, काय लावू?" आज त्यावरच बोलते. पण 'काय लावू' हे मी झटपट उरकणार आहे, कारण बागा तिथे अडत नाहीत.

तर उरकूया. दिवसातून सहा तास तरी ऊन येईल अशी जागा, जवळ पाणी, आणि वाफा एवढाच रुंद की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचेल. जुनी इमारत पाडलेली किंवा वाहत्या रस्त्याला लागून असलेली जागा असेल, तर मातीतलं शिसं तपासून घ्या. जुन्या रंगांतून, पूर्वीच्या पेट्रोलच्या धुरातून ते मातीत उतरतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. शंका असेल तर वर उंच वाफे बांधा, त्यात बाहेरची चांगली माती भरा. पालेभाज्या आणि गाजर-मुळ्यासारखी कंदमुळं तर खालच्या मातीत लावूच नका. धनुर्वाताची लस झालीय ना, तेही बघा. झालं.

एका दादांनी जरा कडक शब्दांत विचारलंय, "बागेनं खाणं सुधारतं याला पुरावा काय? की नुसतं छान वाटतं?" मला हा प्रश्न आवडला. बरेच अभ्यास बागेत येणाऱ्यांची तुलना न येणाऱ्यांशी करतात. मग शंका येतेच, की मुळात भाजी आवडणारी माणसंच बागेत येत असतील. अमेरिकेतल्या डेन्व्हर भागात म्हणून वेगळा प्रयोग केला. 291 प्रौढ माणसं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला सामुदायिक बागेत वाफा, बियाणं, रोपं आणि थोडं शिक्षण दिलं. दुसऱ्या गटाला पुढच्या हंगामापर्यंत थांबायला सांगितलं. 2023 मध्ये द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ या संशोधन-नियतकालिकात निकाल आले. बागवाल्या गटाच्या पोटात दुसऱ्या गटापेक्षा रोज सुमारे 1.4 ग्रॅम तंतुमय पदार्थ जास्त जात होते, दम लागेल अशी हालचाल रोज जवळपास सहा मिनिटांनी जास्त होती, ताण आणि चिंताही जास्त उतरली होती.

1.4 ग्रॅम हा आकडा लहान आहे, आणि मी तो फुगवून सांगणार नाही. पण मोठ्या माणसाचं खाणं बदलणं किती जड जातं हे ज्यांनी घरात करून पाहिलंय, त्यांना याची किंमत कळेल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. तिथवर असंच थोडं थोडं करत पोचायचं असतं.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा. तोडणी!

पेरणीच्या दिवशी सगळे हजर असतात. फोटो निघतात, पाट्या लागतात. आणि भाजी तयार होते तेव्हा? वाफ्यात टोमॅटो पिकून गळतायत आणि दहा पावलांवर राहणारी माणसं विकतची भाजी घरी नेतायत. हे मी इतक्या बागांमध्ये पाहिलंय की आता राग येतो. कारण आळस नाही, संकोच आहे. "दुसऱ्या कुणाची असेल, मी कशी तोडू?" प्रत्येक जण भिडस्तपणे थांबतो आणि भाजी निबर होते. आमच्या बागेत आता रंगीत चिंधी बांधतो. तयार वाफ्याच्या काठीला चिंधी दिसली की कुणीही तोडावं, विचारायची गरज नाही. चिंधी बांधायचं काम आठवडाभर एकाच घराकडे. ही पद्धत सुरू झाल्यावर जी माणसं नुसती कुंपणापाशी उभी राहून बघायची, ती पिशवी घेऊन आत यायला लागली.

आता हेच झाडाच्या बाजूने बघा. घेवडा, काकडी, भेंडी यांचं सगळं काम बी तयार करण्यासाठी चाललेलं असतं. एक काकडी वेलावर पिवळी पडेपर्यंत राहिली, की वेलाची ताकद तिच्यातल्या बियांकडे जाते आणि नवीन फुलं मंदावतात. आमच्याकडे एक वेल असाच थांबला होता. शेजारच्या आजींनी पानं बाजूला केली, तर खाली हाताएवढी जून काकडी लपलेली. ती काढून टाकली आणि काही दिवसांत वेल परत फुलोऱ्यावर आला. आजी घेवड्याची शेंग वाकवून बघतात: कट्ट आवाज करून मोडली तर कोवळी. शेंगेवर बियांचे फुगवटे दिसायला लागले म्हणजे उशीर झाला. तुम्ही तोडत राहाल तर झाड देत राहील. तोडणं थांबवलंत की तेही थांबेल.

आणि तिसरी बाजू स्वयंपाकघराची. माणसाची सवय थोड्या थोड्या, पण सतत येणाऱ्या भाजीने बदलते. सगळा पालक एकाच दिवशी पेरला तर तो एकाच आठवड्यात येतो, घरोघरी ढीग लागतो, मुलं वैतागतात, पुढे महिनाभर काहीच नाही. वाफ्याचे भाग करा, दर दोन-तीन आठवड्यांनी एकेक भाग पेरा. मुलांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं. नवी भाजी आवडायला पुष्कळदा आठ-दहा वेळा चाखावी लागते, आणि आपण तिसऱ्या वेळी "याला आवडतच नाही" असं जाहीर करून मोकळे होतो. बागेत तोडता तोडता एक शेंग तोंडात टाकली, ती पण एक वेळ मोजा. ताटासमोर बसवून आग्रह करण्यापेक्षा ते फार सोपं पडतं.

"भाजी नको, नुसतं जाऊन बसलो तर?" असंही कुणीतरी विचारलंय. जरूर बसा, पण हातात खुरपं घ्या. नेदरलँड्समध्ये 2011 साली छापून आलेल्या एका प्रयोगात 30 जणांना आधी ताण येईल असं काम दिलं, मग काहींना अर्धा तास बागकाम, काहींना वाचन. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, बागकामवाल्यांचं जास्त उतरलं. गुडघे दुखत असतील त्यांच्यासाठी खुर्चीवर बसून हात पोचेल असा एक वाफा बांधाच. ज्यांना भाजीतलं सगळ्यात जास्त कळतं तीच माणसं वाकता येत नाही म्हणून घरी बसतात, हे मला मुळीच पटत नाही.

भांडणाचं बऱ्याच जणांनी लिहिलंय: "एक जण सगळं घेऊन जातो." आमचा नियम एवढाच आहे, एका घराने एका वेळी आज शिजेल तेवढंच न्यायचं. साठवायला न्यायचं असेल तर ते तोडणीच्या ठरलेल्या दिवशी, सगळ्यांसमोर वाटून. तुमच्या बागेत पाळ्या कशा लावल्यात ते खाली लिहा, मी सगळं वाचते. मातीचा नमुना तपासणीला कसा काढायचा, ते पुढच्या व्हिडिओत करून दाखवते.