ढाळजेतली हेराल्ड

(दृश्य: जुन्या वाड्याचा सागवानी दरवाजा. आतून अडसर सरकल्याचा आवाज.)

दरवाजा उघडला तेव्हा आधी दिसली ज्वारीची पोती. छतापर्यंत रचलेली. वाड्याच्या मालक काकांनी वरची चार पोती बाजूला काढली आणि मागून धुळीनं पांढरा पडलेला एक गोल दिवा डोकावला.

अंबाजोगाईच्या अलीकडचं हे गाव. मे महिना. सकाळचे दहाच वाजलेत, पण बाहेर अंगणात पाय ठेववत नाही. आत ढाळजेत, म्हणजे दरवाजालगतच्या ओसरीसारख्या खोलीत, मात्र गारवा आहे. खाली शहाबादी फरशी, वर माळवद, आणि मधे 1967 सालची, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड मोटार. गेली तेवीस वर्षं ती इथून हललेली नाही.

माझ्यासोबत लातूरहून आलेले चाचा आहेत. पन्नास वर्षं पत्र्याचं काम करतायत. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. चप्पल काढली, फरशीवर आडवे झाले आणि टॉर्च घेऊन गाडीखाली सरकले.

(दृश्य: गाडीखालून बाहेर आलेले दोन अनवाणी पाय. हातोडीच्या दांड्याचे ठोके.)

जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा उभी करायची तर पाया म्हणून कोणती गाडी घ्यावी? गेली तीन वर्षं मी याच प्रश्नामागे आहे. याचं उत्तर मला आधी चुकून शिकावं लागलं, म्हणून ती चूक आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका शहरात मी एक ट्रायम्फ स्पिटफायर ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार पाहिली. लाल रंग, दोनच सीटा, उघडं छत. किल्ली फिरवली की चालू. मी एक चक्कर मारली आणि तिथंच इसार दिला. लातूरला आणून जॅकवर चढवली, आणि डावं दार उघडलं ते परत बसेचना. गाडी मधोमध वाकली होती. स्पिटफायरला खाली चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा असतो, पण दाराखालचा उंबऱ्याचा पत्राही गाडीचं वजन पेलतो. तो पत्रा शिल्लकच नव्हता. होती ती पुट्टी आणि तिच्या आत कोंबलेलं गोणपाट. चाचांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला.

त्या दिवशी चाचा म्हणाले होते, "दादा, इंजिन बसून बनवता येतंय. बोअर मारा, क्रँक घासा, महिनाभरात उभं राहतंय. पत्रा सडला की आपण गाडी नाही, गाडीचं माप बनवत बसतोय."

ती गाडी मी विकली. घेणाऱ्याला खालचा सगळा पत्रा दाखवून, भोकांवर बोट ठेवून विकली. तोटा बराच झाला.

तेव्हापासून बघायची पद्धत उलटी केली. आधी पत्रा, मग कागद, मग गाडीवर काय-काय शाबूत आहे ते, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. चालू आहे की बंद, हा प्रश्न तर मी आता फोनवर विचारतच नाही.

(दृश्य: फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक चाकाच्या कमानीवरून हळूहळू फिरतंय.)

हे चुंबक चाचांच्या खिशात कायम असतं. फडक्यात गुंडाळलेलं, म्हणजे रंगाला ओरखडा जात नाही. जिथं लोखंड आहे तिथं ते धरतं, जिथं पुट्टीचा जाड थर आहे तिथं सुटतं. चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा, डिकीचा तळ. या हेराल्डवर ते दोनच ठिकाणी सुटलं, दोन्ही मागच्या डाव्या कमानीवर. काकांना विचारलं, तर म्हणाले, "तिथं बैलगाडीचा जू लागला होता. मी पाचवीत होतो."

आता हेराल्डच का? हिचा जन्म कसा झाला ते पाहिलं की कळतं. ब्रिटनमध्ये 1959 साली ही गाडी आली, तेव्हा तिकडच्या बहुतेक गाड्यांनी वेगळी चासी सोडून दिली होती. स्टँडर्ड-ट्रायम्फला मात्र अख्खी एकसंध बॉडी बनवून देणारा कारखाना मिळेना. म्हणून त्यांनी खाली कण्यासारखी चासी ठेवली आणि वर बॉडीचे तुकडे बोल्टनं जोडले. इटालियन रेखाटनकार जोव्हान्नी मिकेलोत्तीनं तिला रूप दिलं. पुढे हीच चासी आखूड करून 1962 मध्ये स्पिटफायर झाली. दोन चाकांमधलं अंतर हेराल्डला साडेएक्क्याण्णव इंच, स्पिटफायरला 83. तीही मिकेलोत्तीचीच. म्हणजे स्पिटफायर ही हेराल्डची धाकटी बहीण. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं 1961 पासून हेराल्ड बनवली, 948 सीसीच्या इंजिनासह. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या तेव्हा त्यात हेराल्डही पळायच्या.

त्या अडचणीतून निघालेली ही बांधणी आज आपल्या फार कामाची आहे. छत बोल्टवर, दाराखालचा उंबरा बोल्टवर, पुढचं अख्खं तोंड बिजागरीवर. एखादा भाग गेला तर तो सोडवून बाकावर घेऊन दुरुस्त करता येतो. सडका उंबरा निघाला म्हणून गाडी वाकत नाही. हुशार पण हौशी माणसाला झेपेल अशी ही रचना आहे. एमजीबीसारख्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं तसं नाही. तिला वेगळी चासीच नाही, उंबरा कापायचा तर आधी आतून टेकू देऊन बॉडी जखडावी लागते. तिच्या नव्याकोऱ्या बॉड्या विलायतेत मिळतात हे खरं, पण त्या इथवर आणायचा खर्च माझ्या आवाक्यातला नाही. आणि त्याहून जुन्या एमजी टीडीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो. आपल्या भागात वाळवी भिंतीतल्या चौकटी खाते. त्यामुळे ती गाडी बघायला गेलात तर दाराचा खांब हलवून बघितल्याशिवाय पैशाचं बोलू नका.

(दृश्य: गावाबाहेरचं काळं रान. भेगाळलेली जमीन.)

गाडी मी मराठवाड्यातच शोधली, त्याला कारण आपलं हवामान. पाण्यासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसलंय. पावसाळ्यात सरासरी 700 मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही कधी येतो, कधी येत नाही. कोकणात याच्या चौपट पडतो आणि वर खारा वारा. माणसाला जे हाल देतं तेच कोरडेपण पत्र्याला जगवतं. उन्हानं रबर तडकतं, सीटा फाटतात, डॅशबोर्ड उलतो. ते सगळं नवं बसवता येतं.

पण कोरड्या मुलखातली गाडी म्हणजे चांगलीच, असंही नाही. काळ्या मातीवर उभी असलेली गाडी मी शेजारच्या तालुक्यात पाहिली. वरून ठणठणीत, खालून चाळणी. काळी माती ओल धरून ठेवते आणि ती ओल दर पावसाळ्यानंतर महिनोन्‌महिने खालून पत्र्याला लागते. कडुलिंबाच्या झाडाखालच्या गाडीत पानं काचेखालच्या फटीत जाऊन कुजतात आणि तिथलं पाणी आत झिरपतं. गोठ्यातली गाडी तर बघायलाही जाऊ नये. म्हणून इथं पोहोचल्यावर मी काकांना पहिला प्रश्न विचारला, "या पोत्यांच्या जागी कधी खत ठेवलं होतं का?" युरिया हवेतलं पाणी ओढून घेतो.

काका म्हणाले, "नाही हो. वडील म्हणायचे, ढाळजेत फक्त धान्य."

धान्यामुळे उंदीर आले. वायरिंग सगळं कुरतडलंय. हरकत नाही, वायरिंग मीटरवर मिळतं.

चाचा बाहेर आले. पाठ धुळीनं भरलेली. चासीच्या कण्याला बाजूला फुटलेले हात असतात, बॉडी त्यांच्यावर टेकते. हेराल्ड सडते ती तिथून. चाचांनी प्रत्येक हात वाजवून पाहिला होता. "घंटीसारखा वाजतोय," एवढंच बोलले.

मग पुढची चाकं. इथं खाली पितळी धातूचा, आट्यांचा एक सांधा असतो, ट्रनियन म्हणतात त्याला. चाक वळतं ते त्याच्यावर. त्याला नव्वद नंबरचं गिअर ऑइल घालायचं असतं. आपल्याकडे बहुतेकांनी ग्रीस मारलं. ग्रीस आट्यांत पोहोचत नाही, आत गंज धरतो आणि एक दिवस चालत्या गाडीचं चाक मोडून आडवं होतं. या गाडीच्या सांध्यावरचं मळकट बूच चाचांनी उघडलं आणि बोट आत घातलं. बोटाला काळं, पातळ तेल लागलं. तेवीस वर्षांनंतरसुद्धा. कुण्या अनोळखी मिस्त्रीनं पुस्तक वाचून काम केलं होतं.

(दृश्य: ओसरीवर पसरलेले कागद. पितळी डब्यातून काढलेलं जुनं आरसी बुक.)

कागदांत दुपार गेली. आरसी बुक काकांच्या वडिलांच्या नावावर, आणि पासिंग हैदराबादचं. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, नंतरही कितीतरी घरांची खरेदी तिकडेच चालायची. म्हणजे तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र आणायचं, जुनी नोंद संगणकात चढवून घ्यायची, आणि मालक वारले असल्यामुळे आधी 31 नंबरचा फॉर्म भरून वारसाच्या नावे करायची. काकांना दोन बहिणी. सातबाऱ्याला लागते तशी इथंही दोघींची संमती लागणार. काकांनी तिथूनच परभणीला फोन लावला. थोरल्या ताई पलीकडून एवढंच म्हणाल्या, "वडिलांची गाडी पुन्हा चालणार असेल तर सही कशाला अडवू?"

चासी नंबर पेन्सिलनं कागदावर उतरवला आणि आरसीशी ताडून पाहिला. एकेक अक्षर जुळलं. नंबर जुळला नसता तर एवढी चांगली चासी असूनही मी परत गेलो असतो.

खूप जण मला विचारतात, हेराल्ड कापून, चासी आखूड करून स्पिटफायर का बनवत नाही? सरळ सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत असा फेरफार करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितलं. शिवाय 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, ती चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसेल तरच. नोंदणीला 20 हजार रुपये, मुदत 10 वर्षं. रोजच्या वापराला ती काढता येत नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते. मला तेवढं पुरे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पन्नासहून जास्त वर्षं अखंड राहिलेली चासी करवतीनं कापायला माझा हात धजणार नाही.

शाबूत काय आहे ते चाचांचा नातू लिहून घेत होता. दिव्यांच्या रिंगा दोन्ही. पुढची जाळी. काचा चारी बाजूंच्या. दाराच्या कडेच्या पट्ट्या, एक सोडून. काच खाली-वर करायचे हँडल दोन्ही. नवख्याला वाटतं या किरकोळ वस्तू. याच मिळत नाहीत, आणि मिळाल्या तर इंजिनाच्या कामाला जेवढं लागतं तेवढं मागतात.

व्यवहार ठरला. घरातल्या आजींनी बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं.

इंजिन जाम होतं. निघण्याआधी चाचांनी चारही प्लग काढले, डिझेल आणि इंजिन ऑइल सारखं मिसळून प्रत्येक भोकात थोडं थोडं ओतलं आणि वर फडकी कोंबली. आठ दिवसांनी ट्रेलर घेऊन परत आलो. गाडी चौथ्या गिअरात टाकली. चाचा पुढून, मी मागून. ढकल, सोड. ढकल, सोड. अकराव्या का बाराव्या खेपेला चाचांनी हात वर केला. आम्ही थांबलो.

पंख्याचं पातं बोटभर सरकलं होतं.